मंदीवाल्याची अब्रू

बाजारात मंदीवाला हा मनुष्य कोणालाच आवडत नाही. तेजीवाल्याचे तसे नसते. तो आज घेतो आणि उद्या भाव चढेल म्हणून वाट पाहतो. त्याची आशा चार लोकांच्या आशेशी जुळणारी असते. त्याचे बरे झाले तर बहुधा शेजाऱ्याचेही बरे झालेले असते. मंदीवाल्याचे गणित उलटे. जो माल आपल्या हातात नाही तो तो आजच्या भावाने विकून टाकतो आणि भाव पडला की स्वस्तात घेऊन देणे भागवतो. लग्नाच्या मांडवात बसून पावसाची वाट पाहणाराच हा माणूस. त्याला कोणी आग्रह करकरून वाढत नाही ह्यात नवल ते काय?

मी जन्मभर इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर काही महिने मंदीवाला झालो. ती कथा प्रथम सांगतो, कारण पुढचा सगळा इतिहास मी तिच्यापायी वाचला.

एका कंपनीचा शेअर तीन वर्षांत आठपट झाला होता. कंपनीचे नाव सांगत नाही. असल्या कंपन्या दर दहा-पंधरा वर्षांनी नव्या नावाने जन्म घेत असतात. जुनी दप्तरे चाळण्याची सवय असल्यामुळे मी तिचे तीन वर्षांचे अहवाल वाचून काढले. नफा दर वर्षी वाढत होता, पण रोकड वाढत नव्हती. विक्रीपेक्षा येणे भराभर फुगत होते. नफा वहीत होता, तिजोरीत नव्हता. पेशव्यांच्या दप्तरात सरंजामाचा आकार मोठा आणि प्रत्यक्ष वसूल थोडा असा हिशेब दिसला की पुढे काय वाढून ठेवले आहे ते मी मुलांना शिकवीत असे. येथेही तोच प्रकार दिसला.

आमच्या साडूंनी निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग ह्याच शेअरात घातला होता. एका मुंजीच्या पंगतीत मी त्यांना म्हणालो, “अहो, जरा जपून. ह्या कंपनीचे येणे फार वाढले आहे.” ते मोठ्याने हसले. म्हणाले, “तुम्ही आपले पानिपत शिकवा हो! बाजार तुमच्या पुस्तकात बसायचा नाही.” सगळी पंगत हसली. मीही हसलो, पण ते वाक्य घासाबरोबर खाली उतरले नाही. घरी आल्यावर पुन्हा एकदा त्यांना समजावून सांगावे, असे मनात आले होते. त्याऐवजी मी ऑप्शनचे व्यवहार करण्यासाठी खाते उघडले.

आपल्याकडे साध्या गिऱ्हाईकाला शेअर हातात नसताना विकता येतो तो जवळजवळ त्या दिवसापुरताच. संध्याकाळपर्यंत तो परत घ्यावा लागतो. अनेक दिवस मंदी करायची तर वायदा किंवा ऑप्शन हाच मार्ग. वायद्यात भाव चढत गेला तर नुकसानाला अंत नसतो, म्हणून मी ऑप्शन घेतला. हा शेअर अमुक तारखेला अमुक भावाने विकण्याचा हक्क आपल्याला मिळतो, त्याला पुट म्हणतात, आणि त्या हक्काची किंमत आधीच मोजावी लागते. भाव पडला तर हक्काचे मोल वाढते; नाही पडला तर तारीख उलटली की तो कागद रद्दी. नुकसान झाले तर तेवढेच. ऐकायला किती सोपे! पण हा हक्क म्हणजे बर्फाची लादी असते. विकत घेतली त्या क्षणापासून ती गळू लागते, आणि आपण ती घेऊन दुपारच्या उन्हात गिऱ्हाईकाची वाट पाहत उभे.

पहिल्या महिन्यात भाव १,२०० होता. मी १,१०० चे पुट घेतले. मुदत संपली तेव्हा भाव १,३१० होता. दुसऱ्या महिन्यात कंपनीचे तिमाही आकडे जाहीर व्हायचे होते. आदल्या दिवशी मी १,२५० चे पुट ५८ रुपयांना घेतले. आकडे वाईट आले. भाव १,३०० वरून १,२६० वर आला. मी आनंदाने पाहतो तो माझा पुट ५८ वरून ४१ वर उतरलेला! भाव माझ्या बाजूने चाललेला आणि पैसे माझ्या विरुद्ध. पुढे उलगडा झाला. आकड्यांच्या आदल्या दिवशी सगळेच धास्तावलेले असतात आणि त्या धास्तीची किंमत पुटात धरलेली असते. आकडे आले, धास्ती संपली आणि तिची किंमतही गेली. तिसऱ्या महिन्यात मी १,१५० चे पुट घेतले. मुदतीच्या दिवशी भाव १,१६२ वर थांबला. बारा रुपयांनी सगळे गेले. तीन महिन्यांत माझे १ लाख ४० हजार रुपये विरघळले, आणि मी कान धरून बाहेर पडलो. त्यानंतर सात आठवड्यांनी तो शेअर ५४० वर आला.

माझे म्हणणे खरे ठरले आणि पैसे गेले. असा मनुष्य दुसरे काय करणार? मी जुन्या पुस्तकांत आपल्यासारखे कोणी सापडते का ते शोधू लागलो.

*

पहिलाच गृहस्थ भेटला तो चारशे वर्षांपूर्वीचा. त्याचे नाव इसाक लमेअर. तूर्ने गावचा हा व्यापारी, १५८५ मध्ये अँटवर्प स्पॅनिश सैन्याच्या हाती पडल्यावर इतर अनेकांप्रमाणे उत्तरेला अ‍ॅमस्टरडॅमला आला. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. ह्याच कंपनीची वखार पुढे आपल्या वेंगुर्ल्याला उभी राहिली. तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमच्या वर्गणीदारांत लमेअरचा आकडा सर्वांत मोठ्यांपैकी होता; त्याने सुमारे ८५,००० गिल्डर घातले होते. तो संचालकही झाला. पण एका सफरीच्या खर्चाच्या हिशेबावरून भांडण झाले आणि १६०५ मध्ये त्याला बाहेर पडावे लागले. जाताना कंपनीशी स्पर्धा करणार नाही, असे त्याच्याकडून लिहून घेतले होते.

हा काही सत्यवादी हरिश्चंद्र नव्हता. फ्रान्सच्या राजाशी त्याची आतून बोलणी चालू होती. पण कंपनीबद्दलची त्याची तक्रार पोकळ नव्हती. कंपनी भागीदारांना हिशेब दाखवीत नव्हती आणि १६०९ उजाडले तरी तिने एक पैसा लाभांश वाटला नव्हता. त्या वर्षाच्या जानेवारीत त्याने हॉलंडचा थोर मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट ह्याच्याकडे लेखी तक्रार केली. आणि त्याच सुमारास आणखी आठ जणांना घेऊन एक गुप्त मंडळी उभारली. हे लोक कंपनीचे हिस्से वर्ष-दोन वर्षांच्या मुदतीने विकू लागले. त्यांतले पुष्कळ हिस्से त्यांच्याजवळ नव्हतेच.

हे कसे शक्य होते ते समजून घेतले पाहिजे. त्या वेळी शेअर म्हणजे कागद नव्हता. कंपनीच्या कचेरीतल्या वहीत आपल्या नावावर रक्कम चढलेली असे, तोच शेअर. प्रत्यक्ष हस्तांतर करायचे तर कचेरीत जाऊन वहीत नोंद करावी लागे. पण अमुक तारखेला अमुक भावाने देईन, असा करार दोघांत कोठेही होऊ शकत असे. ती तारीख येईपर्यंत विकणाऱ्याच्या नावावर काही आहे की नाही, हे कोण पाहतो? डच लोकांनी अशा व्यवहाराला ‘वाऱ्याचा व्यापार’ असे नाव दिले.

भाव पडू लागला. तेव्हा संचालक सरकारदरबारी गेले. त्यांचे म्हणणे असे की, हे लोक खोट्या वावड्या उठवतात आणि ह्यांच्यामुळे विधवा-अनाथांचे पैसे बुडतात. विधवा आणि अनाथ ह्यांची नेमकी आठवण भाव पडतानाच होते. चढताना कोणाला होत नाही. २७ फेब्रुवारी १६१० रोजी फर्मान निघाले की, वहीत आपल्या नावावर असेल तेवढेच विकावे आणि विकल्यावर महिन्याभरात खरेदीदाराच्या नावावर चढवावे. मंदीविरुद्धचा हा जगातला पहिला कायदा समजतात.

आणि मग कंपनीने लाभांश जाहीर केला. १६१० च्या एप्रिलात भांडवलावर ७५ टक्के, आणि तो पैशात नव्हे, जायपत्रीत! त्याच वर्षी पुढे ५० टक्के मिऱ्यांत आणि साडेसात टक्के रोख. आपल्याकडे कोणी दिवाळीला लाभांश म्हणून पोतेभर जायपत्री दारात आणून टाकली, तर घरातली माणसे काय म्हणतील त्याची कल्पना करावी! तिकडेही सगळ्यांना ती नको होती. तरीपण कंपनी काहीतरी वाटते आहे ह्या बातमीने भाव सावरला, आणि लमेअरच्या मंडळीतल्या लोकांना विकलेले हिस्से चढ्या भावाने घेऊन देणे भाग पडले. कित्येकांचे दिवाळे निघाले. लमेअर अ‍ॅमस्टरडॅम सोडून समुद्राकाठच्या एग्मंडला जाऊन राहिला.

त्याने हार मात्र मानली नाही. कंपनीची मक्तेदारी आफ्रिकेच्या टोकाकडून आणि मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या वाटांवर होती. मग तिसरी वाट शोधली तर? १६१५ मध्ये त्याचा मुलगा याकोब जहाजे घेऊन निघाला आणि १६१६ च्या जानेवारीत दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून पलीकडे गेला. जावा बेटावर पोचल्यावर कंपनीच्या अधिकाऱ्यांनी, तुम्ही आमच्याच वाटेने आलात, असे म्हणून जहाज जप्त केले. याकोब परतीच्या प्रवासात समुद्रावरच वारला. केप हॉर्नजवळच्या सामुद्रधुनीला आजही त्या घराण्याचे नाव आहे. बापाला त्याचा काय उपयोग?

लमेअर १६२४ मध्ये वारला. त्याच्या थडग्यावरचा लेख वाचण्यासारखा आहे. ह्या माणसाने देवाच्या कृपेने जगभर व्यापार केला आणि तीस वर्षांत एवढे एवढे गिल्डर गमावले, असे त्यात कोरले आहे. कमावल्याचे सांगणारे लेख पुष्कळ असतील. गमावल्याचा आकडा थडग्यावर घालणारा हाच. आकड्यातली शून्ये इतकी विचित्र पडली आहेत की, दीड लाख वाचावे की पंधरा लाख, असा प्रश्न पडतो. बहुतेक लोक पंधरा लाख वाचतात. आणि त्या वाक्याच्या मध्ये, कंसात, दोन शब्द आहेत. त्यांचा अर्थ: ‘अब्रू वगळता’. सगळे गेले, अब्रू राहिली.

ते दोन शब्द मी कितीतरी दिवस विसरू शकलो नाही.

*

अब्रूचा येथे काय संबंध, असे वाचकाला वाटेल. संबंध फार जवळचा आहे.

१६१० चे फर्मान कोणी पाळले नाही. ते पुढे पुन्हा पुन्हा काढावे लागले, ह्यावरूनच ते दिसते. पण त्याचा एक परिणाम झाला. हातात नसलेला माल विकण्याचा करार कायद्याने मान्य नसल्यामुळे, भाव पडल्यावर खरेदीदार खुशाल म्हणू शके की, हा करारच मी मानीत नाही. अधिपती फ्रेडरिक हेन्ड्रिक ह्याच्या नावावरून ह्या प्रकाराला ‘फ्रेडरिककडे दाद मागणे’ असे म्हणू लागले. म्हणजे मंदीवाला हरला तर त्याने देणे भागवायचे, आणि जिंकला तर समोरच्याच्या शब्दावर विसंबायचे. असे असूनही तो बाजार शेकडो वर्षे चालला, तो केवळ ह्यासाठी की, शब्द मोडणाऱ्याशी उद्या कोणी व्यवहार करीत नसे.

ह्या बाजाराचे वर्णन योसेफ दे ला वेगा ह्या अ‍ॅमस्टरडॅमच्या यहुदी लेखकाने १६८८ मध्ये एका स्पॅनिश ग्रंथात केले आहे. एक तत्त्वज्ञ, एक व्यापारी आणि एक शेअरवाला ह्यांचा तो संवाद आहे. ग्रंथाच्या नावाचा अर्थच ‘गोंधळांचा गोंधळ’! त्यात ऑप्शन आहे. आधी रक्कम मोजून घेण्याचा किंवा देण्याचा हक्क कसा मिळवतात, तेही आहे. ज्यात मी १ लाख ४० हजार रुपये घालवले ती वस्तू शिवाजीमहाराज गेल्यानंतर आठ वर्षांनी छापून निघालेल्या पुस्तकात समजावून दिलेली पाहून मला आपल्या अज्ञानाची लाज वाटली.

*

हॉलंडात जे शब्दावर तगून राहिले, ते मुंबईत एका दिवसात कोसळले. तो दिवस १ जुलै १८६५.

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी सुरू झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस बंद पडला. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका आला की, तो ठेवायला जागा पुरेना. म्हणून कंपन्या निघाल्या. बँका, पेढ्या आणि समुद्र भरून जमीन करण्याच्या कंपन्या. त्यांतली सर्वांत गाजलेली बॅक बे रेक्लमेशन. तिचा शेअर पाच हजारांचा, तो पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखाली होती. भाव मात्र आभाळात. प्रेमचंद रायचंद ह्यांच्या नुसत्या शब्दावर लक्षावधींचे व्यवहार होत, आणि बँक ऑफ बॉम्बे शेअरच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देत होती.

ह्या वेडाचा मोठा भाग रोखीचा नव्हता, वायद्याचा होता. पुष्कळसे वायदे १ जुलै १८६५ ह्या तारखेचे होते. एप्रिलमध्ये जनरल ली शरण गेला, यादवी संपली, आणि बातमी मुंबईत येताच कापूस कोसळला. शेअर त्याच्यामागे गेले. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांना स्पर्श करून आला होता, तो ८७ रुपयांवर आला.

हा काळ तरुणपणी पाहिलेल्या दिनशा वाच्छांनी १९१० मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ह्या विषयावर जे जे लिहिले जाते, त्यात बुडालेल्या तेजीवाल्यांची वर्णने असतात. पण प्रत्येक वायद्याला दोन टोके असतात. बॅक बेचा शेअर जुलैत चढ्या भावाने घेईन असे कोणी म्हणाला, तेव्हा देईन असे म्हणणाराही कोणीतरी होता. त्यांतला एखादा तरी माझ्यासारखा असेल. हे सगळे पोकळ आहे, असे ओळखून विकणारा. त्याचे अनुमान खरे ठरले. तारीखही त्याची चुकली नाही, ह्या बाबतीत तो माझ्यापेक्षा भाग्यवान. १ जुलैला तो हिशेब घेऊन निघाला असेल, तो समोरच्याच्या दाराला कुलूप. ज्याच्याकडून घ्यायचे तोच नादार, कारण त्यालाही तिसऱ्याकडून यायचे होते आणि तिसऱ्याला चौथ्याकडून. एवढी दिवाळी निघाली की, ती निस्तरण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने आणखी एक कायदा केला: पैजेच्या कराराला जोडून केलेले करारही कोर्टात चालायचे नाहीत. मुंबईने आपला फ्रेडरिक शोधला होता.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. ऑप्शनला आपल्या बाजारात ‘तेजी-मंदी’ म्हणत आणि त्यासाठी मोजायच्या रकमेला ‘नजराणा’. १९५६ च्या कायद्याने हा व्यवहार बंद केला. १९९५ मध्ये ती बंदी उठली आणि २००१ मध्ये शेअरबाजारात ऑप्शन राजरोस सुरू झाले. आता मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी असते. समोरचा बुडाला तरी आपले पैसे मिळतात. जी हमी १८६५ च्या मंदीवाल्याला नव्हती, ती मला फुकट मिळाली होती. अब्रूची गरजच उरली नाही. उरली ती फक्त तारीख. आणि तारखेने सगळ्यांचेच काय केले ते सेबीने २०२४ मध्ये जाहीर केले: तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन खेळणाऱ्या शंभरांतल्या ९३ व्यक्तींचे नुकसान झाले, आणि त्याची बेरीज १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेली. खरे काय आहे ते ओळखणे आणि ते केव्हा उघड होईल ते ओळखणे ह्या दोन निराळ्या विद्या आहेत. इतिहास शिकवणाऱ्याला पहिली थोडीफार येते. दुसरी त्याला कशी येणार? त्याला शेवट आधीच ठाऊक असतो.

*

शेअर ५४० वर आला त्या आठवड्यात साडू घरी आले. खुर्चीत बसून बराच वेळ बोलले नाहीत. चहा निवला. मग म्हणाले, “तुम्ही म्हणाला होतात.”

मी मान हलवली.

“एकदाच म्हणालात,” ते म्हणाले. “पुन्हा का नाही म्हणालात?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांच्या विकण्या-न विकण्याने माझ्या पुटाचे काही बिघडणार नव्हते. समुद्रातला एक तांब्या. मी गप्प बसलो तो पंगतीतल्या हसण्यामुळे. तीन महिने रोज सकाळी मी त्या शेअरचा भाव पाहत होतो आणि तो पडावा अशी इच्छा करीत होतो, आणि त्या प्रत्येक सकाळी त्यांचा निवृत्तीचा पैसा त्याच भावात होता हे मला ठाऊक होते. फोन हातातच असे. मी तो केला नाही. माझे पैसे घड्याळाने खाल्ले, ही तक्रार मी कोणाकडेही करू शकतो. ह्या गोष्टीची तक्रार कोणाकडे करू?

“अंदाज होता नुसता,” मी म्हणालो. ते उठले, चपला घातल्या, आणि “येतो” म्हणून गेले. मी पुट घेतले होते, हे मी तेव्हा सांगितले नाही आणि नंतरही सांगितले नाही.

लमेअरने संचालकांना, कायद्याला, सगळ्या अ‍ॅमस्टरडॅमला शत्रू केले. पण तो जे म्हणत होता ते लिहून, सही करून, उघड म्हणत होता. त्याच्या थडग्यावरचा कंस त्यामुळेच शोभतो. मला माझा आकडा लिहायला संकोच नाही. वर लिहिलाच आहे. त्या कंसापाशी मात्र माझा हात थांबतो.

हा दिवाळी अंक साडूंकडे दर वर्षी जातो. ते तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.